मलप्रभेच्या जाळ्यासाठी शिसं: परसातली लाकडाची भट्टी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी आयुष्यभर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं. तिथं सगळी धडपड ताप चढवायची, कारण बीड 1150-1200 अंशांशिवाय हलत नाही आणि ओतायला त्याहून वर न्यावं लागतं. रिटायर होऊन जांबोटीकडं गावी आलो, मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून शिसं हवं होतं म्हणून भट्टी रचली, तर इथं सगळं उलटं. शिसं 327 अंशांलाच पातळ होतं. ऐनाची चार वाळकी लाकडं त्याच्या दुप्पट ताप आरामात देतात. शिसं जितकं जास्त तापतं तितकी त्याची वाफ आणि धुरळा वाढतो, आणि तो डोळ्यांना दिसतोच असं नाही. म्हणून ही भट्टी ताप आवरता येईल अशी बांधायची.

जागा उघड्यावर. विहीर, गोठा, कोंबड्या, पोरांचं अंगण यांपासून लांब. गुरं शिशाची राख चाटतात आणि मरतात.

भांडं आधी करून घ्या. 6 इंची जाड लोखंडी पाइपचा साडेपाच इंच तुकडा, खाली 6 मिलीमीटरची प्लेट, वेल्डिंग सलग. वरच्या काठाला दोन बाजूंनी अँगलचे कान, त्यांवर भांडं भट्टीत लोंबकळतं. वेल्डिंगची परीक्षा अशी: बाहेरून सांध्यावर खडू फासा, आत थोडं डिझेल ओतून रात्रभर ठेवा. सकाळी खडूवर ओला डाग दिसला तर परत वेल्डरकडं. मग डिझेल पुसून, भांडं रिकामंच तापवून जाळून टाका. अॅल्युमिनियमचं पातेलं कधीच नको; ते 660 ला वितळतं आणि लाकडाची आग तिथवर पोचते. जस्ताचा मुलामा असलेली बादलीही नको.

भट्टीला 35-40 विटा पुरतात. आत 10 इंचाचा चौकोन, उंची सहा थर. सिमेंट लावू नका, तापानं तडकतं. आमच्या खानापूरकडची तांबडी माती, भाताचं तूस आणि थोडं शेण कालवून लिंपायचं. पहिल्या थरावर 12 मिलीमीटरच्या सळ्या टाका, खाली राख पडेल. पुढच्या दोन थरांत 5 इंच रुंदीचं तोंड. मागं पाचव्या थरात 4 इंची साध्या लोखंडी पाइपचं धुरांडं, डोक्याच्या वर जाईल इतकं. भांड्याच्या भोवतीची फट पत्र्याच्या चकतीनं झाका, नाहीतर ज्वाळा तोंडावर येते. आणि मुख्य गोष्ट, तोंडाला सरकती पत्र्याची झडप. ही झडपच तुमचा रेग्युलेटर. आठ-दहा दिवस सावलीत वाळवून मग दोन-तीनदा काटक्यांचा हलका जाळ करा.

आता माल. गाडीच्या चाकाची वजनं, जुन्या टेलिफोन केबलचं वेष्टण, शिशाचे पाइप चालतात. बॅटरी फोडायची नाही. आत आम्ल, शिशाचा भुगा, कधी आर्सेनिकही असतं. ती दुकानदाराला परत द्या, बदल्यात पैसे कमी होतात तेवढे पुरे. चाकाच्या वजनांत हल्ली जस्ताचीही येतात. जस्त 419 ला वितळतं, म्हणून ताप 350 ते 400 मध्ये राखला की ती वजनं आणि लोखंडी चिमटे वर तरंगतात. पळीनं काढून घ्या. ताप मोजायला के टाइप थर्मोकपल घ्याच. पृष्ठभागावर सोनेरी-जांभळी साय दिसली तर ताप वाढलाय, झडप लावा.

भांडं अर्ध्यावर भरलं तरी 12 किलो शिसं होतं, तेवढंच करा.

ओल हा खरा शत्रू. पहिल्या वर्षी श्रावणात, दोन दिवस उघाड होती म्हणून, मी एक चेपलेला पाइप वितळलेल्यात टाकला. आत पाणी अडकलेलं. पाण्याची वाफ झाली की जागा सतराशेपट लागते. फाडकन आवाज झाला आणि शिसं आंब्याच्या पानांपर्यंत उडालं. मनगटावर रुपयाएवढा डाग अजून आहे. शेजारून काका ओरडले, “काय करायलास रे, फौंड्रीत हेच शिकलास?” तेव्हापासून पावसाळ्यात काम बंद, सगळा माल थंड भांड्यातच भरतो, आणि नंतर घालायचा तुकडा काठावर तापवून घेतो. पळीसुद्धा.

अंगावर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी बूट, पँट बुटावरून, वेल्डिंगचे हातमोजे, चेहऱ्याला ढाल, आणि बारीक धुरळा अडवणारा पी100 फिल्टरचा मास्क. रुमालानं काही होत नाही. वारा पाठीवर घेऊन उभं राहा. आणि तंबाखू! आमच्या भागात हातावर मळायची सवय, निपाणीचा माल घरोघरी. शिसं लागलेल्या तळव्यावर मळलेला तंबाखू म्हणजे शिसंच खाल्लं. मी डबी घरातच ठेवतो.

वितळल्यावर मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळा. पेट घेईल, मागं सरा. मळी वर येते, ती पळीनं काढून झाकणाच्या डब्यात. शेतात किंवा नदीत टाकायची नाही, नोंदणीकृत शिसं-रिसायकल करणाऱ्याला द्यायची.

ओतायला मी जुना बिडाचा पड्डूचा तवा (आप्पेपात्र) वापरतो. भट्टीवर आधी गरम करायचा, मग ओतायचं, पाव किलोच्या आसपासची एकेक गोटी निघते. हा तवा परत स्वयंपाकघरात जात नाही. ओळखू यावा म्हणून मी दांडीला तांबडा रंग फासलाय. काम संपलं की भांडं रिकामं करूनच जाळ विझवा. आत शिसं गोठून राहिलं तर पुढच्या वेळी ते खाली वितळतं, वरचा थर घट्टच राहतो, आणि आतलं शिसं कारंजासारखं उसळतं.

मग परसातल्या नळावर आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. आमची ही ते घरात घेत नाही, आणि नातवंडं आलेली असली तर भट्टीच पेटत नाही.