जुनी बुलेट चालता चालता बंद पडते तेव्हा: कोकणच्या हवेत दोष कसा शोधायचा

पाऊस जरा उघडीप देतो, चतुर्थीला चाकरमानी गावी पोचतात आणि मे महिन्यापासून पडवीत उभी असलेली बुलेट खळ्यात काढली जाते. दहाबारा किका खाऊन ती चालू होते, तिठ्यापर्यंत जाते आणि बंद पडते. लगेच कार्बोरेटर खोलला जातो, प्लग बदलला जातो, कोणीतरी टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेला, हात घालतो. संध्याकाळपर्यंत मूळ दोषात आणखी दोन दोषांची भर पडलेली असते.

गाडी बंद कशी पडली हे आधी बघा, पाना नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खालची माहिती पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं), मिककार्ब कार्बोरेटरच्या कास्ट आयर्न ३५० बुलेटसाठी आहे. येझदी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडतं, वेगळं काय ते शेवटाकडे दिलंय.

बंद पडण्याची तऱ्हा

कोणी चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, तर दोष करंटचा. आचके देत, दम सोडत, अ‍ॅक्सिलरेटर वाढवला की आणखीच मरत बंद झाली, तर पेट्रोल पोचत नाही. अशा वेळी बंद पडता पडता चोक ओढून बघा. इंजिनाने क्षणभर जरी उचल घेतली, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. चोकने ती उलट गुदमरली आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय.

फक्त स्लोवर, म्हणजे सिग्नलला किंवा फाटकाशी थांबल्यावरच बंद पडत असेल, तर पायलट जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा), हवेची गळती, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) किंवा डिकॉम्प्रेसर (किक मारताना कॉम्प्रेशन सोडणारा व्हॉल्व्ह). गरम झाल्यावर बंद पडून पंधरा-वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी चालू होत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटशेजारचा, खाली समजावलाय), कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा टाकीचं झाकण.

हे शेवटचं झाकण सगळ्यांत आधी तपासा, कारण त्याला पैसा लागत नाही. टाकीतून पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. आपल्याकडची जांभ्याची तांबडी धूळ आणि गंज मिळून ते भोक बुजतं. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी बंद पडताच झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज येऊन हवा आत गेली आणि पुढच्या किकला गाडी चालू झाली, तर दोष सापडला. भोक टाचणीने मोकळं करून झाकण पेट्रोलमध्ये धुवा.

पेट्रोल की पाणी?

कार्बोरेटरकडचा पाइप काढून पारदर्शक बाटलीत सोडा आणि कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, उघडा. धार एकसारखी, मिनिटभर न तुटता पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत गेली, तर झाकण. पहिल्यापासूनच बारीक असेल, तर कॉकच्या वरची जाळी गंजाने भरली आहे. बाटली दहा मिनिटं तशीच ठेवा. तळाशी पाण्याचे मणी किंवा वेगळा, गढूळ थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि कॉक नेमका तळाशी असतो. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी दोन-तीन महिने ठेवली की हेच होतं. जुने रबरी पाइप आणि वॉशरही इथेनॉलने फुगतात, आतून सुटतात आणि त्याचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. पाइप दाबून बघा. बोटांना काळं लागलं किंवा रबर मऊ, चिकट वाटलं, तर इथेनॉलला टिकणारा पाइप घाला.

पाइपमध्ये फिल्टर बसवायचा तर जाळीचा बसवा. मोटारीचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबावर चालतो. बुलेटला पेट्रोल फक्त उतारावर येतं, त्यामुळे कागदी फिल्टरात हवा अडकून धार तुटते आणि त्याच फिल्टरामुळे गाडी बंद पडायला लागते.

फ्लोटची वाटी (कार्बोरेटरखालची, पेट्रोल साठणारी) काढल्यावर तळाचा गाळ आधी नीट बघून मग पुसा. तांबूस भुकटी म्हणजे टाकीचा गंज, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे पाण्याने कार्बोरेटर खाल्ला जातोय. पायलट जेट खोल नळीत असतं. तिथे नेमक्या रुंदीचाच स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर पितळेची खाच फुटते आणि जेट बाहेरच निघत नाही. जेट उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, हवा मारा, फारच अडलं तर विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एक केस वापरा.

पॉइंट आणि कंडेन्सर

किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये आम्ही पेट्रोलइतकाच संशय इथे धरतो. खारी, दमट हवा डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे पॉइंट बसतात त्या डब्याच्या, झाकणाखाली शिरते, पॉइंटच्या टोकांवर राखाडी थर चढतो आणि करंट तुटक होतो.

सर्वांत चांगला परीक्षक हेडलाइटजवळच बसवलेला आहे: अँमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा. दिवे बंद ठेवून चावी चालू करा आणि किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश दाबा. पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा खालीवर होत असेल, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता बरा आहे. हललाच नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच, तुटलेली वायर किंवा मळलेले पॉइंट. उणेकडे गेला आणि तिथेच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय. तपासणी झाली की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी चालू राहिली तर कॉइल तापून जळते.

पॉइंट साफ करायला झिरो नंबरचा पॉलिश पेपर पुरे. घासल्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून पॉइंटमध्ये धरा, पॉइंट मिटू द्या आणि पट्टी ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत हे करा. एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ आलं असेल तर घासत बसू नका, जोडी बदला.

मग गॅप, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधली फट. प्लग काढून इंजिन फिरवा आणि पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबवा. फिलर गेजने (फट मोजायच्या पातीने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. पाती आधी पुसून घ्या, तिच्यावरचं तेल पॉइंटवर लागलं तर ते जळून पुन्हा थर बसतो. गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापतं, ओढ जाते. गॅप जास्त झाला की ठिणगी लवकर पडते आणि कॉइलला भरायला वेळ कमी मिळतो. म्हणजे गॅपबरोबर टायमिंगही सरकतं, म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी, अ‍ॅडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना, पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक ठिपका द्या. तो नसला तर पॉइंटची टाच झिजते आणि थोड्याच दिवसांत गॅप मिटतो.

कंडेन्सर खराब आहे हे डोळ्यांनी दिसतं. तिन्हीसांजेला झाकण काढून इंजिन स्लोवर चालू ठेवा. पॉइंटवर अधूनमधून बारीक निळी ठिणगी चालेल. जाड, पिवळट, सतत ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना उसळलेला करंट तो पोटात घेतो म्हणून प्लगला जोरदार ठिणगी मिळते. तो निकामी झाला की तीच ताकद पॉइंटवर जळून जाते. गरम झाल्यावर बंद पडून थंडाव्याने चालू होणाऱ्या गाडीत हा पहिला संशयित. नवा कंडेन्सर चांगलाच निघेल असं धरून चालू नका. स्वस्त डुप्लिकेट माल पुष्कळ आहे. गाडी चालवून, गरम करून खात्री होईपर्यंत जुना टाकू नका.

प्लगची ठिणगी तपासताना प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या फिन्सना टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि भोकावर फडकं धरा. आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ती पेटू शकते. ठिणगी निळी, ‘चट्’ आवाज करणारी हवी.

अर्थ आणि वायरिंग

हर्णै, मिरकरवाडा, मालवणसारख्या बंदराजवळ राहणाऱ्यांनी, आणि दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीतून नेहमी गाडी नेणाऱ्यांनी हा भाग वर्षातून दोनदा करावा. बॅटरीची अर्थ वायर चॅसीला जिथे बोल्टने लागते तिथे रंगाखाली गंज चढतो. वरून सगळं घट्ट दिसतं, करंट मात्र अडतो. बोल्ट काढा, धातू चमकेपर्यंत घासा, परत कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

मोजून खात्री करायची असेल तर चावी चालू, पॉइंट मिटलेले, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. काही जुन्या गाड्यांची वायरिंग मागाहून बदललेली असते, त्यामुळे बॅटरीचं कुठलं टोक चॅसीला गेलंय हे आधी डोळ्यांनी बघा.

चावीच्या स्विचचा संशय असेल तर बॅटरीच्या दुसऱ्या, म्हणजे चॅसीला न लागलेल्या टोकापासून कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला थेट वायर जोडून गाडी चालू करा. व्यवस्थित चालली तर दोष स्विच, फ्यूज किंवा मधल्या वायरमध्ये. या जोडणीत चावीने गाडी बंद होत नाही, वायर काढावी लागते.

आणखी एक साधी परीक्षा: गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. एका बाजूला बंद पडली तर मानेपाशी वायर आतून तुटली आहे, वरचं आवरण शाबूत असलं तरी. पावसात बंद पडणारी गाडी रात्री अंधारात चालू ठेवून प्लगच्या वायरकडे बघा. वायरवर किंवा कॅपवर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर दोन्ही बदला.

स्लोवर टिकत नसेल तर

कार्बोरेटर हेडला ज्या दोन नटांवर बसतो तिथल्या पॅकिंगमधून हवा गळते का बघा. चालू इंजिनावर त्या सांध्यावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर गळती आहे. नट आवळून ती थांबवायचा मोह टाळा, फ्लँज वाकतो आणि गळती कायमची होते. नवी पॅकिंग घाला, नट आलटून पालटून थोडे थोडे कसा.

टॅपेट थंड इंजिनावर बघा: पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जोर नेणारा दांडा) बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आवाज बंद व्हावा म्हणून घट्ट केलेले टॅपेट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाहीत. डिकॉम्प्रेसरची केबलही थोडी सैल हवी, ताणलेली असेल तर कॉम्प्रेशन गळतं.

हे झाल्यावरच कार्बोरेटरचा एअर स्क्रू (स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा). इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, मग दीड आटा बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं चालेल ती जागा शोधा, मग स्लोचा स्क्रू कमी करा. आत घेतला की मिश्रण दाट, बाहेर काढला की पातळ. अर्ध्या आट्याच्या आतच बरं चालत असेल तर पायलट जेट अजून तुंबलंय किंवा हवा गळतेय.

घाटात

आंबा, करूळ किंवा कुंभार्ली चढताना बंद पडणारी गाडी सपाटीवर नीट चालते, म्हणून माणूस गोंधळतो. चढाला पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिनही जास्त तापतं, त्यामुळे अर्धवट तुंबलेला कॉक आणि मरायला टेकलेला कंडेन्सर दोन्ही तिथेच उघडे पडतात. बंद पडल्या क्षणी ठिणगी बघा. ठिणगी चांगली असेल तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल किती आहे ते बघा. थंड होईपर्यंत थांबलात तर पुरावा गेला. गरम इंजिनावर पाणी मात्र ओतू नका, कास्ट आयर्नला तडा जाऊ शकतो.

येझदी-राजदूतमध्ये एकदम बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा कण अडकणं. प्लग साफ केला की काम झालं. स्लोवर रेस आपोआप वरखाली होत असेल तर क्रँकचे ऑइल सील, हळूहळू ओढ जात असेल तर कार्बनने भरलेला सायलेन्सर.

मिरगाआधी

गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी पूर्ण रिकामी करा, टाकीत शंभर मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून ती सगळ्या बाजूंनी फिरवा. चतुर्थीला पेट्रोल भरण्याआधी ते ऑइल काढून टाका. बॅटरी काढून घरात ठेवा. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधू नका, आतला दमटपणा बाहेर पडत नाही. आत सुती चादर, वर ताडपत्री, खाली वारा खेळता.

डिकीत एक प्लग, पॉइंटची जोडी, चालवून तपासलेला कंडेन्सर, फिलर गेज, पॉलिश पेपर, दोन मीटर वायर आणि पेट्रोलचा वीतभर पाइप, सगळं झिपच्या पिशवीत. उघडं ठेवलेलं सामान या हवेत एका पावसाळ्यात गंजतं.