आधी कॉपी केलेला मजकूर परत मिळवा

नवीन काही कॉपी केलं की आधीचं पुसलं जातं आणि पुन्हा शोधाशोध करावी लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये यावर सोय आहे.

१. विंडोजचं चिन्ह असलेली की दाबून धरा आणि व्ही दाबा. पहिल्यांदा 'टर्न ऑन' दिसेल, त्यावर क्लिक करा. यादी इथून पुढे कॉपी केलेल्याचीच बनते.
२. नेहमीसारखं कंट्रोल-सीने कॉपी करत राहा.
३. हवं तिथे कर्सर ठेवून पुन्हा विंडोज-व्ही दाबा आणि यादीतल्या मजकुरावर क्लिक करा.

यादीत २५ नोंदी राहतात. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की जातात. पत्ता, ईमेल यांसारखं सतत लागणारं पिन करा, ते टिकतं. ही खरी कामाची गोष्ट.

कॉपी केलेला पासवर्डही यादीत दिसू शकतो. घरात कॉम्प्युटर सगळे वापरत असतील तर ती नोंद लगेच डिलीट करा.