पूरग्रस्त घराची दुरुस्ती करताना स्मार्ट यंत्रणा कशी बसवावी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा बाजारपेठेतील आणि नदीकाठच्या वस्त्यांमधील तळमजले बुडाले, वीज गेली आणि मोबाइलचे नेटवर्कही कोलमडले. २००५ च्या जुलैमध्येही या शहराने असा पूर अनुभवला होता. त्यामुळे आज दुरुस्त होणारे घर पुन्हा कधीतरी भिजणार, हे गृहीत धरूनच तेथे काम करावे लागते. पुढे सुचवलेल्या यंत्रणेकडून तीनच अपेक्षा आहेत : पाणी अंगणात आल्याची सूचना वेळेवर मिळावी, तळमजल्याची वीज धोका न पत्करता बंद करता यावी आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलांना गावातील आई-वडिलांच्या घराची स्थिती कळावी. एरवी या कामासाठी चांगल्या भिंती फोडाव्या लागतात; पुरानंतर गिलावा तसाही काढायचा असतो, म्हणून ही वेळ साधावी.

भिंती धुण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनामा आणि विम्याची पाहणी होईपर्यंत भिजलेली उपकरणे फेकू नयेत. पाणी जेथपर्यंत चढले तेथील रेघ दोन-तीन ठिकाणी पक्क्या रंगाने आखून घ्यावी, कारण पुढचे प्रत्येक माप या रेघेवरून घ्यायचे आहे. वीजफलक, राउटर, इन्व्हर्टर आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन या रेघेच्या किमान दोन फूट वर असावे. रेघ दरवाज्याच्या चौकटीच्याही वर गेली असेल, तर ही सर्व साधने वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर न्यावीत.

कोकणातील जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंती भरपूर पाणी धरून ठेवतात आणि सावकाश वाळतात. जुलैत भिजलेली भिंत ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते. खऱ्या अर्थाने ती पाऊस संपल्यावर, दसऱ्यानंतरच्या उन्हात वाळू लागते. वीतभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले, तर पुट्टी, रंग आणि स्विचबोर्ड यांची घाई करू नये. दिवाळीपूर्वी घर उजळावे ही इच्छा मी समजू शकतो, पण ओल्या भिंतीत बसवलेले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (स्विचमागे बसणारी, फोनवरून दिवा-पंखा चालवू देणारी छोटी पेटी) गंजते आणि तो खर्च पाण्यात जातो.

पाण्याखाली गेलेले एमसीबी (भार वाढल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच), साधे स्विच आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नयेत. त्यांच्या आत गाळ बसलेला असतो आणि ऐन वेळी ते वीज तोडतील याची खात्री उरत नाही. अनेक बारीक तारांच्या पिळातून बनलेल्या वायरमध्ये पाणी टोकाकडून आत चढत जाते, म्हणून भिजलेल्या भागातील वायर पूर्ण ओढून काढावी, पाइप धुऊन वाळवावेत आणि नवी वायर घालावी. परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. वाचन किमान १ मेगाओम यायला हवे. ही तपासणी स्मार्ट साधने जोडण्यापूर्वीच झाली पाहिजे, अन्यथा मेगरच्या व्होल्टेजने ती साधने जळू शकतात. घाईच्या कामात नेमका हाच क्रम चुकतो.

नवी वायरिंग करताना तळमजला आणि वरचा मजला यांची सर्किटे पूर्णपणे वेगळी ठेवावीत. मुख्य फलक वर असावा आणि तळमजल्याच्या वायर छताकडून खाली उतरवाव्यात, म्हणजे पुढच्या पुरात भिजला तरी खालचा थोडाच भाग भिजेल. प्रत्येक मजल्यासाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी घ्यावा आणि अर्थिंग नव्याने तपासावे. कोकणात विजा पुष्कळ पडतात, म्हणून फलकात सर्ज संरक्षक साधन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून उपकरणे वाचवणारे) बसवणे गरजेचे आहे. मीटर मात्र महावितरणचा असतो. तो उंचावर हलवण्यासाठी अर्ज करावा, परस्पर हात लावू नये.

भिंत बंद होण्यापूर्वी करायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रिकामे पाइप टाकणे. फलकापासून अंगणाच्या बाजूला, मोटरीकडे, पाण्याच्या टाकीकडे आणि माळ्यावर एकेक जादा पाइप ओढदोरीसह सोडून ठेवावा. साधने आज परवडत नसतील तर दोन वर्षांनी घेता येतील, पण पाइप आजच गेला पाहिजे. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल (विजेच्या परतीची) वायर आणावी. आपल्याकडे ज्या बोर्डात सॉकेट नसते तेथे अनेकदा केवळ फेज (वीज आणणारी वायर) उतरवलेली असते, आणि बहुतेक स्मार्ट मॉड्यूल न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. मॉड्यूल स्विचच्या मागे मावावे म्हणून पेटी नेहमीपेक्षा खोल घ्यावी. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही. त्यामुळे दोन्ही मजल्यांवर लॅन केबल न्यावी, तीही विजेच्या वायरपासून वेगळ्या पाइपातून. साधने २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारी असावीत, कारण ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत भिंतीत लवकर क्षीण होतो.

पाण्याची सूचना देणारी यंत्रणा किमान दोन टप्प्यांची असावी. पहिला फ्लोट स्विच (पाणी चढताच तरंगून चालू होणारा स्विच) अंगणाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात आणि दुसरा जोत्याच्या कडेला, घरात पाणी शिरण्याच्या सुमारे एक वीत खाली बसवावा. पहिला वाजला की गाडी, कागदपत्रे आणि धान्य हलवायचे. दुसरा वाजला की तळमजल्याची वीज बंद करून माणसांनी वर जायचे किंवा घर सोडायचे. हे स्विच तारेने जोडून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या भोंग्याला द्यावेत, आणि त्याच भोंग्याला समांतर वायफाय मॉड्यूल जोडून फोनवर संदेश मिळवावा. क्रम हाच ठेवावा : इंटरनेट बंद पडले तरी मध्यरात्री भोंगा वाजलाच पाहिजे. सांगलीत लोक आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत मोजतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी सर्वांच्या तोंडी असते. तशीच फुटांची पट्टी आपल्या कुंपणाच्या खांबावर ठळक रंगाने आखून वरच्या मजल्यावरील कॅमेरा तिच्याकडे वळवावा. पुण्यातून ते चित्र पाहणाऱ्या मुलाला पाणी किती चढले हे अंकांत कळते, फोनवरच्या घाबऱ्या बोलण्यातून अंदाज बांधावा लागत नाही. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचे अंगण येऊ देऊ नये.

तळमजल्याचे सर्किट दुरून बंद करायचे असेल, तर साध्या स्मार्ट प्लगवर तो भार देऊ नये. फलकात योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा, विद्युतचुंबकावर चालणारा स्विच) बसवून त्याची कॉइल स्मार्ट रिलेने (फोनवरून चालणाऱ्या छोट्या स्विचने) चालवावी. मोटरीसाठीही हीच रचना करावी, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. कॉन्टॅक्टरच्या आधी हाताने चालणारा मुख्य स्विच असावा आणि तो वरच्या मजल्यावर, पाण्यात पाय न ठेवता पोहोचता येईल असा असावा. येथे एक धोका सहज नजरेआड होतो : महावितरणचा पुरवठा बंद केला तरी इन्व्हर्टर तळमजल्याला वीज देत राहू शकतो. म्हणून इन्व्हर्टरची लाइन तळमजल्याला देऊच नये, किंवा तीही त्याच वेळी तुटेल अशी जोडणी करून घ्यावी. छतावर सौर पॅनेल असतील तर उजेड असेपर्यंत त्यांच्या वायरमध्ये वीज असतेच. त्या वायर तळमजल्यावरून नेऊ नयेत.

राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर किंवा छोट्या डीसी बॅटरीवर ठेवावी. साधने निवडताना आदेश घरातल्या घरात पार पाडणारी, इंटरनेटवाचून चालणारी आणि शक्यतो मॅटर किंवा झिग्बी या खुल्या मानकांची (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट साधने एकमेकांशी जुळावीत यासाठीच्या नियमांची) घ्यावीत. कोणताही दिवा, पंखा किंवा मोटर नेहमीच्या बटणाने चालू-बंद झालीच पाहिजे. घरातील वृद्धांना ॲपवर अवलंबून ठेवणारी जोडणी मी कोणालाही सुचवणार नाही. स्वयंपाकघरात एलपीजीचा संवेदक जमिनीपासून सुमारे एक फुटावर लावावा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून खाली साचतो. तो पुराच्या रेघेखालीच येणार, तेव्हा सहज काढता येईल असा बसवावा.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पूर्ण रंगीत तालीम करावी. बादलीभर पाण्यात फ्लोट स्विच धरून भोंगा वाजतो का, फोनवर संदेश येतो का ते पाहावे. नंतर राउटर बंद करून भोंगा पुन्हा वाजवावा. आरसीसीबीचे चाचणी बटण दाबावे आणि भोंग्याच्या बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. फलकाच्या दाराच्या आत मोठ्या मराठी अक्षरांत कोणता स्विच कोणत्या मजल्याचा, आधी कोणता बंद करायचा, वायरमनचा क्रमांक आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लिहून तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवावा, आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तो एकदा मोठ्याने वाचायला सांगून त्याप्रमाणे स्वतःच्या हाताने स्विच बंद करून पाहायला सांगावे.