सह्याद्रीचे हवामान: डोंगरात जाताना या चुका टाळा

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून सह्याद्रीत जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण हवामान पाहूनच घराबाहेर पडतात. तरीही दरवर्षी माणसे अडकतात, वाहून जातात, गारठतात. याचे कारण असे की, आपण पाहिलेले हवामान एकतर शहराचे असते किंवा डोक्यावरच्या आभाळाचे. डोंगरातले संकट मात्र पुष्कळदा आपल्याला न दिसणाऱ्या जागी, तासाभरापूर्वी पडलेल्या पावसातून येते. अनेक वर्षे गट घेऊन डोंगर हिंडताना ज्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि ज्यांतल्या काही माझ्याही हातून झाल्या, त्या येथे मांडत आहे.

शहराचा अंदाज पाहून निघणे

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मोकळे होतात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेकडे सरकलेल्या पुणे शहरात सुमारे ७०० मिलिमीटर. मोबाईलवर ‘पुणे’ असे लिहून मिळालेला अंदाज ताम्हिणीला लागू पडत नाही, तो यामुळेच. भारतीय हवामान विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या घाट क्षेत्रासाठी स्वतंत्र इशारा देतो. पाहायचा तो हा इशारा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस मुसळधार आणि ११५.६ पासून पुढचा अति मुसळधार धरला जातो. घाट क्षेत्राला नारंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत रद्द करावा.

दुसरी गोष्ट फार कमी लोक पाहतात, ती म्हणजे मागच्या तीन-चार दिवसांचा पाऊस. माळीणची दरड ३० जुलै २०१४ रोजी कोसळली आणि इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली, तेव्हा त्या त्या भागात आधीपासून संततधार चालू होती. मुरलेल्या पाण्याने जड झालेला उतार पाऊस ओसरल्यावरही घसरू शकतो. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे कलली किंवा एरवी कोरड्या जागेतून गढूळ पाणी फुटू लागले, तर तिथे थांबू नये आणि मुक्काम तर मुळीच करू नये.

ओढ्याला कमी लेखणे

माझ्या मते सह्याद्रीतली सर्वांत घातक चूक हीच आहे. आपल्याकडचा डोंगर बेसॉल्टच्या कातळाचा, त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी जिरायला जागाच नसल्याने वरच्या पठारावर झोडपून गेलेली सर काही मिनिटांत खालच्या ओढ्यात उतरते. भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही असेच वाढत्या पाण्याच्या मधोमध अडकल्यामुळे.

ताम्हिणीच्या बाजूला एका ओढ्याकाठी आम्ही डबे उघडून बसलो होतो. पाऊस नव्हता, मध्येच ऊनही पडत होते. गुरे घेऊन आलेल्या एका काकांनी पाण्याच्या अगदी कडेला मुठीएवढा दगड ठेवला आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्यो पाऊस वर पडतोय, हितं न्हाई.” दहाएक मिनिटांनी तो दगड दिसेनासा झाला. नितळ पाण्याला चहाचा रंग आला, त्यावर फेस, पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या, आणि खळखळाटाच्या जागी घुमणारा आवाज येऊ लागला. डबे तसेच उचलून आम्ही वर सरकलो. तेव्हापासून ओढ्याकाठी बसायची वेळ आली की मी आधी असा खुणेचा दगड ठेवतो.

पाणी वाढल्यावर ओढ्याच्या पलीकडे अडकलात, तर थांबणे हाच खरा उपाय आहे. ज्या कातळामुळे ओढा झटकन फुगतो, त्याच कातळामुळे पाऊस थांबल्यावर तो साधारण काही तासांत उतरतोही. त्या तासांसाठी सुके कपडे, खाऊ आणि विजेरी पिशवीत असलीच पाहिजे. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा पुढे लगेच धबधबा असेल, तर ओलांडण्याचा विचारही करू नये. पाणी कमी असतानाही ओढा ओलांडायचा तो पात्र रुंद असेल तिथे, बूट न काढता, पाठपिशवीचे छातीचे व कमरेचे पट्टे सोडून. कमरेला दोर बांधून उतरणे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात पाय निसटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

हीच गोष्ट अरुंद वाटांची. साम्रदजवळची सांदण दरी किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट म्हणजे डोंगराने पाण्यासाठीच कोरलेल्या जागा आहेत. पावसाळ्यात तिथे जाऊ नये. मे महिन्यातही दुपारी माथ्यावर आभाळ काळवंडले, तर दरीच्या तळाशी तंबू ठोकू नये.

विजेपासून चुकीच्या जागी आसरा घेणे

विजांचा जोर भर पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात अधिक असतो. सकाळ लख्ख असते, दुपारी फुलकोबीसारखे ढग उभे वाढू लागतात, त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. म्हणून या दिवसांत माथा सकाळीच गाठून दुपारच्या आत उघड्या धारेवरून खाली उतरलेले असावे. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले, तर माथा, सोंड आणि बुरूज ताबडतोब सोडावेत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवते. मात्र डोंगरात नेटवर्क जाते, तेव्हा कानांवर विसंबावे.

घाबरलेला गट हमखास तीन ठिकाणी धाव घेतो: एकट्या झाडाखाली, ध्वजस्तंभाजवळच्या कट्ट्यावर किंवा कड्याच्या उथळ कपारीत. तिन्ही जागा वाईट. कपारीच्या तोंडाशी तर वरून आलेला प्रवाह छतावरून जमिनीवर झेप घेताना मधल्या माणसातून जातो. खोल गुहा असेल, तर आत जाऊन भिंतीला न टेकता बसावे. कळसूबाईसारख्या डोंगरावरच्या लोखंडी शिड्या आणि गडांवरचे रेलिंग या वेळी हातात धरू नयेत. काहीच आसरा नसेल, तर एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे झोपू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहते, हा समज साफ खोटा आहे. श्वास थांबला असेल, तर क्षणही न दवडता छातीवर दाब देणे सुरू करावे. या गैरसमजापायी वाचू शकणारी माणसे हातची जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे कुठली एवढी थंडी, असे मानणे

अंश-दोन अंशांवरच माणूस गारठतो असे नाही. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी वेगाने ओढून नेते. त्यामुळे भिजलेली सुती जीन्स, माथ्यावरचा भन्नाट वारा आणि रिकामे पोट एवढ्यावर अठरा-वीस अंशांतही शरीर हार मानू लागते. बोबडी वळणे, चालताना मागे पडणे, पाठपिशवीची साधी क्लिप बोटांना न उघडणे ही सुरुवातीची लक्षणे होत. थरथर आपोआप थांबली आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो बरा होत नसून खालावत असतो. त्याला वाऱ्याआड घ्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत आणि दारू तर अजिबात देऊ नये. धनगराची घोंगडी भिजूनही ऊब देते, सुती कापड देत नाही. म्हणून लोकरीचा किंवा झटपट वाळणारा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा.

धुक्यात चालत राहणे

ढग पठारावर उतरला की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि कोकणकड्यासारख्या जागी गवत थेट कड्याच्या ओठापर्यंत वाढलेले असते. पावसाळी वारा साधारणपणे पश्चिमेकडून येतो. तो तोंडावर येऊ लागला, तर आपण कड्याच्या दिशेने चाललो असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गटाने एकत्र बसावे आणि धुके विरळ होईपर्यंत जागा सोडू नये. थांबूनही वाट सापडत नसेल, तर फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर येण्याची वाट न पाहता ११२ क्रमांकावर कळवावे आणि पायथ्याच्या ज्या घरी निघताना सांगून आलो, त्या घरी आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश लघुसंदेशाने पाठवावेत. बोलण्याइतके नेटवर्क नसतानाही असा संदेश बहुधा पोहोचतो.