गोलसमोरची जागा आधी सांभाळा
ऑनलाइन आइस हॉकीत पुष्कळदा गोल होतो तो प्रतिस्पर्ध्याच्या वेगामुळे नव्हे, तर आपले दोन्ही बचावपटू एकाच पकमागे (खेळातील रबरी चकतीमागे) कोपऱ्यात धावल्यामुळे. ठाणे आणि वाशी येथून खेळणारा आमचा मित्रांचा संघ बरेच दिवस याच सवयीने हरत असे. पक कोपऱ्यात गेल्यावर एकाच बचावपटूने तिकडे जावे, दुसऱ्याने गोलसमोरून हलू नये आणि सेंटरने (मधल्या आघाडीपटूने) कोपऱ्यातील साथीदाराला मदत करता येईल इतके आपल्या गोलकडे खाली यावे. दोन्ही विंगरांनी (कडेच्या आघाडीपटूंनी) मात्र आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेवरील निळ्या रेषेजवळील प्रतिस्पर्ध्यांवर लक्ष ठेवून त्यांच्या फटक्याच्या मार्गात उभे राहावे. अंगावर धावून जाण्यापेक्षा प्रतिस्पर्धी आणि गोल यांच्यामध्ये राहून काठीने पासचा मार्ग अडवणे अधिक लाभाचे असते, कारण सर्व्हर परदेशात असल्यास नवी मुंबईत दाबलेले बटण तिथे किंचित उशिरा पोहोचते आणि काठी पकऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या पायात अडकली, तर ट्रिपिंगची (त्याला अडखळवून पाडल्याची) २ मिनिटांची शिक्षा होते. माइकवर लांबलचक सूचना (आणि वादावादी) टाळून ‘कोपरा माझा’ किंवा ‘समोर मी’ एवढेच, पण पक तिथे पोहोचण्याआधी बोलावे.