वसाहतीतल्या लहान मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन कसे भरवावे

माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली घराबाहेरच्या भिंतीवर शेणाने ‘संजा’ काढतात, तिला फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, रोज नवी आकृती करतात आणि शेवटी ‘किलाकोट’ म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती मांडून ती संजा पाण्यात सोडतात. इंदूरच्या मराठी घरांतून याच दिवसांच्या पुढेमागे हादग्याचा हत्ती आणि दिवाळीचा मातीचा किल्ला असे. या तिन्ही गोष्टी मुलांच्या हातच्या, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणाऱ्या आणि मोठ्यांनी शेण, माती, फुले आणून देण्यापलीकडे फारसे काही करू नये अशा. (हल्ली किल्ला बहुधा बाबाच बांधतात, तो भाग वेगळा.) चार ते नऊ वर्षांच्या मुलांचे चित्रप्रदर्शन वसाहतीत भरवायचे असेल, तर हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

आधी बक्षिसांचा विषय मिटवावा

कोणत्याही मंडळाच्या बैठकीत ‘मुलांची चित्रे’ असे म्हणताच कोणीतरी ‘स्पर्धा’ म्हणते आणि परीक्षक कोण बोलवायचा यावर चर्चा सुरू होते. तेथेच थांबवावे. आमच्या वसाहतीत पहिल्या वर्षी आम्ही तीन क्रमांक ठेवले होते. आलेल्या चित्रांपैकी निम्म्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचे झाड होते. इंदुरात नारळाच्या बागा कुठल्या? एका हत्तीची सोंड तर रात्रीतून काळ्या शाईने इतकी सुबक झाली होती की, तो हत्ती काढणाऱ्या मुलानेच दुसऱ्या दिवशी ‘हा माझा नाही’ असे सांगितले. बक्षीस असले की घरच्यांचा हात कागदावर उतरतो, त्यांना दोष देऊन उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक मुलाची दोन चित्रे लागतील, ती कोणती हे मूल ठरवील आणि क्रमांक कोणालाही मिळणार नाही, हे पहिल्याच सूचनेत लिहावे.

पालकांना पटवताना आणखी एक पथ्य पाळावे. दत्तात्रय देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रशाळा सुरू केली आणि नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ‘तुमचाही बंड्या पुढे हुसेन होईल’ असे आमिष दाखवू नये. सहा वर्षांच्या मुलाला आज काय दिसले, एवढेच या प्रदर्शनात पाहायचे असते.

जागा आणि दिवस

मंडळाचे सभागृह, देवळाची ओसरी किंवा बगीच्याच्या कुंपणाची भिंत यांपैकी काहीही चालते. खासगी भिंतीसाठी मालकाची परवानगी तोंडी न घेता चार ओळी लिहून घ्यावी आणि सार्वजनिक बगीचा असेल तर नगर निगमाच्या झोन कार्यालयात आधी अर्ज द्यावा. गणेशोत्सवात माणसे आपोआप येतात खरी, पण त्या दिवसांत भिंतीला ओल असते आणि कागद चोवीस तासांत सैल पडतो. दिवाळीनंतरचा एखादा शनिवार-रविवार आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो.

साहित्य

तीस मुले धरली तर प्रत्येकी दोन चित्रांचे साठ आणि बिघडलेल्यांसाठी तीस असे नव्वद ए-थ्री आकाराचे जाड कागद लागतात. छोटा कागद देऊ नये. या वयात हात खांद्यापासून फिरतो, आणि वहीच्या पानावर तो अडखळतो. खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांसोबत असे कागद आणि मेणाचे खडू घाऊक भावात मिळतात. छापखान्यात कापून उरलेल्या पट्ट्या, शिंप्याकडच्या चिंध्या, किराणा दुकानातील खोकी मागितली तर बहुतेक वेळा मिळतात. घराघरांतून सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय या शहराला लागलेलीच आहे. कचऱ्याची गाडी येण्याआधी आठवडाभर पुठ्ठे बाजूला काढायला शेजाऱ्यांना सांगावे.

चिकटवण्यासाठी घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, त्यात चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे आणि मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की उतरवावे. बुक-बाइंडिंग करणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात घालू नये. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ रोज ताजी करावी, कारण दुसऱ्या दिवशी ती आंबते.

रंगांपैकी गेरू आणि हळद घरचेच चालतात. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळा रंग बघता बघता तांबूस होतो. हे मुलांसमोर करावे, त्या दोन मिनिटांत सगळी टाळकी वाटीवर वाकलेली असतात. मात्र हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, तेव्हा ही चित्रे सावलीच्या भिंतीसाठी ठेवावीत. गुलाल आणि रांगोळीची पूड टाळावी, कारण ती नाकातोंडात जाते.

चित्रे काढण्याच्या बैठका

प्रदर्शनापूर्वी तीन रविवारी दीड-दीड तासाच्या बैठका घ्याव्यात. विषय ‘निसर्गदृश्य’ किंवा ‘स्वच्छता’ असा फलकावर लिहू नये. त्याऐवजी मुलांच्या अनुभवातला प्रश्न विचारावा: सकाळी पोहे-जिलेबी आणायला गेलात तेव्हा रांगेत कोण कोण होते? रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, तुम्ही कोणाच्या खांद्यावर होता? राजवाड्यापाशी हात सुटला तर काय होईल? प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर मुलाचे स्वतःचे येते.

बैठकीत असलेल्या मोठ्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. चार-पाच वर्षांचे मूल माणूस काढताना डोक्यालाच थेट हातपाय जोडते. पुढे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी येते, आणि घराच्या भिंतीतून आतली माणसेही दिसतात. हे वयानुसार येणारे टप्पे आहेत, चुका नाहीत, आणि ते सुधारायला गेले की मूल ‘मला येत नाही, तुम्हीच काढून द्या’ म्हणू लागते. दुसरी गोष्ट अशी की, ‘हे काय आहे?’ असे न विचारता ‘यात काय चालले आहे ते सांग’ असे म्हणावे. पहिल्या प्रश्नात चित्र ओळखू आले नाही याची कबुली असते आणि मुलांना ती बरोबर कळते.

चिठ्ठ्या लिहिणे

माझ्या मते सगळ्या खटाटोपात हे काम सर्वांत मोलाचे आहे आणि घाईत नेमके तेच राहून जाते. प्रत्येक मुलाजवळ एका मोठ्या माणसाने पाच मिनिटे बसून, ते चित्राविषयी जे बोलेल ते शब्द न बदलता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवून घ्यावे. आमच्याकडे हे काम निवृत्त मंडळी करतात, कारण त्यांच्यापाशी वेळ असतो आणि अक्षर वळणदार असते. मुले घरातली मराठी आणि गल्लीतली इंदुरी हिंदी एका श्वासात बोलतात. ती तशीच लिहावी. निळ्या ठिपक्यांनी भरलेल्या एका कागदावर पाहणारे सगळे ‘पाऊस’ म्हणत होते. पाच वर्षांच्या मुलीने लिहवून घेतले होते: ‘हा पाऊस नाहीये. आजी लसूण सोलते तेव्हा सालं उडतात ना, ते. और पंखा भी चालू है।’ ती चिठ्ठी वाचल्यावर माणसे पुन्हा वळून चित्राकडे पाहत होती.

चिठ्ठीवर फक्त पहिले नाव आणि वय असावे. आडनाव, शाळा, पत्ता लिहू नये आणि मुलाचा चेहरा दिसेल असे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.

टांगणी

मोठ्यांच्या प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर येतो. येथे तसे केले तर चित्रकारालाच आपले चित्र दिसत नाही. भिंतीला दोन समांतर सुतळ्या बांधाव्यात, वरची चार फुटांवर आणि खालची पावणेतीन फुटांवर, आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रे अडकवावीत. दहा फुटांच्या सुतळीवर आडवी पाच चित्रे ऐसपैस बसतात, म्हणजे साठ चित्रांना दुहेरी सुतळीची साठ फूट भिंत पुरते. सुतळी मध्ये झोळ खाते. दर पाच फुटांवर एक खिळा मारावा. मोठ्यांना वाकावे लागेल, ते वाकतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-चार बुटकी स्टुले ठेवावीत. क्रम लावताना वयाने किंवा ‘चांगले-वाईट’ असे गट करू नयेत. प्रत्येक मुलाची दोन्ही चित्रे शेजारीशेजारी असली की पुरे.

वर्गणी आणि माणसे

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, कापडगिरण्यांतून सुरू झाल्या. गिरण्या बंद पडल्या, तरी झांक्या देणग्यांवर निघतात. त्या मानाने आपला खर्च किरकोळ आहे. शक्यतो रोख रक्कम न घेता वस्तू आणि वेळ मागावा: एकाने कागद, एकाने सुतळी-चिमटे, एकाने पोहे, दोघांनी खिळे ठोकणे. देणाऱ्यांची नावे दारापाशी एकाच कागदावर लिहावीत, आणि मुलांच्या चित्राच्या कोपऱ्यात दुकानाची जाहिरात लावण्याची अट आली तर ती देणगी नम्रपणे परत करावी.

प्रदर्शनाचे दोन दिवस

उद्घाटन लांबवू नये. भाषण एकच, तेही पाच मिनिटांचे. मुले आळीपाळीने अर्धा-अर्धा तास आपल्या चित्रापाशी उभी राहून पाहुण्यांना सांगतील, मात्र ज्याला बोलायचे नसेल त्याला आग्रह करू नये. अभिप्रायवहीऐवजी कोरे कागद आणि एक पुठ्ठ्याची पेटी ठेवावी. कोणत्या मुलासाठी आहे ते वर लिहून लोकांनी त्यात चिठ्ठी टाकावी. ‘छान’ एवढेच न लिहिता चित्रात काय दिसले ते लिहावे, अशी विनंती पेटीवर असावी. चिठ्ठ्या देण्यापूर्वी एकदा मोठ्यांनी वाचून घ्याव्यात, आणि ज्याला एकही आली नसेल त्याच्यासाठी कार्यकर्त्यांनी चित्र नीट पाहून लिहावी.

रविवारी संध्याकाळी उतरवणी मुलांकडूनच करून घ्यावी. प्रत्येकाला त्याची चित्रे न घडी घालता, गुंडाळून, त्याला आलेल्या चिठ्ठ्यांसह द्यावीत. काही चित्रे कोणी न्यायला येत नाही. ती पुठ्ठ्यात सपाट ठेवून, वर नाव लिहून मंडळाच्या कपाटात ठेवावीत आणि त्या आठवड्यात घरी पोहोचवावीत. चिमटे मोजून डब्यात भरावेत, कारण पुढच्या वर्षी नेमके तेच सापडत नाहीत.