बर्फ देहरादूनला, बूट मात्र नेरुळातच रुळवा

मी राहते नेरुळला आणि फिगर स्केटिंगला जाते देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर, वर्षातून दोन-तीनदा. विमानाचं तिकीट काढून तिथवर जायचं आणि नवा बूट चावतो म्हणून दोन दिवस बाकावर बसून दुसऱ्यांना बघायचं, हे मी एकदा केलंय. तेव्हापासून बूट घरीच रुळवते.

ब्लेडना कडक गार्ड, म्हणजे आवरणं, चढवा आणि सतरंजी अंथरा. टाइल्सवर गार्ड घसरतात, शिवाय खालच्या मजल्यावर दुपारची झोप असते. मोजे पातळ, जे बर्फावर घालणार तेच. टाच मागे आपटून पक्की बसवा, मग नाडी बांधा: बोटांपाशी सैलसर, घोट्याच्या वळणाशी घट्ट, वर बेताची. सगळ्यात वरचा हूक मी पहिले काही दिवस सोडूनच देते, नाहीतर घोटा वाकतच नाही. बुटाची जीभ मधोमध आहे ना, हेही बघा. ती सरकली की नाडी पावलाच्या वरच्या बाजूला रुतते.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ. मी ओट्याशी उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत गुडघे वाकवते. (फोडणी मात्र बूट काढल्यावर.) चामड्याला घडी पडायला हवी ती घोट्याच्या वळणाशी, आणि ती अशा वाकण्यानेच पडते, नुसतं बसून नाही.

घोट्याच्या हाडावर लाल झालं तर जेलची पट्टी लावा. तरीही टोचत असेल तर विक्रेत्याकडून तेवढाच भाग आतून फुगवून घ्या. बोटांना मुंग्या आल्या तर आधी नाडी सैल करून बघा. तरीही पाय बधीर होत असेल तर माप चुकलंय, आणि चुकलेलं माप कधी रुळत नाही. बूट तापवून पायाच्या आकारात बसवायचं कामही विक्रेत्याचंच. घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई करावी.

आता ब्लेड. नवं ब्लेड आधी तात्पुरतं बसवून घ्या. त्याच्या प्लेटला गोल भोकांशिवाय लांबट खाचाही असतात. सुरुवातीला स्क्रू फक्त त्या खाचांत. बर्फावर गेलात की गुडघा वाकवून एका पायावर सरळ जा. दर वेळी पाय आतल्या एजवरच, म्हणजे ब्लेडच्या आतल्या कडेवरच, ओढला जात असेल तर ब्लेड किंचित आतल्या बाजूला सरकवतात, बाहेर जात असेल तर बाहेर. पाय सरळ जायला लागला की मगच बाकीचे स्क्रू.

नवं ब्लेड बहुधा थेट बर्फावर नेण्याइतकं धारदार नसतं. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, खाली धारवाला आलाय, दे त्याला!’ मी ब्लेड पोटाशी धरून बसले. सुरीला एकच धार असते, इथे तळाला लांबट पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे आपल्या दोन एज. पन्हळीची त्रिज्या साधारण अर्धा इंच. सहाणेवर ती सपाट झाली की संपलंच. हे काम फिगर स्केटची धार जाणणाऱ्याकडेच द्या.

पहिल्या दिवशी बर्फावर जुन्या सवयी दगा देतात. जुनं ब्लेड झिजलेलं, नव्याचे टो पिक, म्हणजे पुढच्या टोकाचे दाते, अख्खे, त्यामुळे साधं पुढे जातानाही ते अडकतात. थांबायला जावं तर ताजी धार बर्फात रुतते. म्हणून आधी दोन्ही पायांवर नुसतं सरकणं, मग एज, मग थ्री-टर्न (एका पायावरचं, तीनच्या आकड्यासारखं वळण). स्पिन नंतर, आणि उड्या अगदी शेवटी, घोटा मनासारखा वाकायला लागल्यावर.

उतरलात की ब्लेड जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसा, स्क्रूंच्या खाचाकोपऱ्यांतलं पाणीही. कडक गार्ड चालण्यापुरतेच, ठेवताना कापडी कव्हर. माझी ब्लेड पोलादासाठी नावाजलेल्या इंग्लंडच्या शेफिल्डची आहेत, तरी जुलैच्या दमट हवेत बंद बॅगेत आठवडाभर राहिली आणि कडेला तांबूस ठिपके आले. आता पावसाळाभर ती उघड्या फडताळात, पंख्याखाली असतात.